नेटवर्क नसलेला दिवस

सकाळी सैदा शहरातलं नेटवर्क गेलं आणि इन्साफ बाईंना आनंद झाला.

शाळेत पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा हिशेब सरळ होता. डॉलरचा भाव येतो फोनवरच्या एका ॲपमधून. ते ॲप कोण चालवतं हे लेबनॉनमध्ये कुणालाच ठाऊक नाही, पण तिथला आकडा हलला की गल्लीतली प्रत्येक किंमत हलते. आज आकडा येणारच नाही. म्हणजे भाव कालचाच, डॉलरला ब्याण्णव हजार लिरा. नातीच्या दुधाचा डबा दहा डॉलरचा, आणि पर्समध्ये साडेनऊ लाख. घरातला डबा खरवडून झाला होता. सात महिन्यांची तालिया पहाटेपासून साखरपाण्यावर होती. नेटवर्क यायच्या आत दूध घ्यायला हवं होतं.

"नऊ लाख साठ हजार," दुकानदार अबू निम्र म्हणाला.

"शहाण्णव हजारांचा भाव? फोन बंद असताना कुठून आणलास?"

"मी कशाला आणू, बाई? बेकरीवाला मिस्बाह तोच धरतोय."

"वरचे दहा हजार उद्या देते."

"उद्याचे दहा हजार म्हणजे किती, ते आज सांगा. मग देतो उधार."

बाई तडक बेकरीत गेल्या. "मी आपण होऊन नाही हो वाढवलं," मिस्बाह पीठ झटकत म्हणाला. "टॅक्सीवाल्या शफीकने भाडं त्या भावाने लावलं. अबू निम्र किती म्हणतोय?"

"शहाण्णव." बाई सहज बोलून गेल्या.

"तो घाबरट माणूस उगाच नाही बोलायचा. काहीतरी कळलंय त्याला. मी अठ्ठ्याण्णव धरतो."

शफीक गाडीला टेकून उभा होता. "माझ्या खटाऱ्याला ब्रेक नाहीत, ॲप कुठलं? अबू निम्रने सकाळी सिगारेटी त्या भावाने दिल्या, मी भाडं तसं लावलं. मिस्बाह काय म्हणतो?"

"अठ्ठ्याण्णव," म्हणता म्हणता बाई थबकल्या. अबू निम्रने मिस्बाहचं नाव घेतलं, मिस्बाहने शफीकचं, शफीकने पुन्हा अबू निम्रचं. चाक फिरत होतं, आणि ढकलणारं कुणीच नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा डबा नऊ लाख नव्वदला गेला होता.

"शफीक आत्ताच ओरडत गेला," अबू निम्र म्हणाला. "नव्याण्णव होणार. म्हणे, इन्साफ बाईच सांगत होत्या."

बाईंनी प्रयोग करून पाहिला. "छे, तिकडे भाव नव्वद हजारांवर आलाय."

"खाली आला?" तो हसला. "मग नेटवर्क येऊ दे. फोनवर बघू."

वर जाणारा आकडा फोनवर बघायची गरज कुणालाच पडली नव्हती.

बाई वळल्या. मिस्बाह दारात उभा होता. मागे शफीक, भाजीवाला, आणखी चारजण. सगळे बाईंच्या ओठांकडे पाहत होते.

"बाई," मिस्बाहने हळूच विचारलं, "आता किती?"

एक शब्द बोलल्या तर चाक पुन्हा फिरेल. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"बाईसुद्धा सांगत नाहीत," कुणीतरी पुटपुटलं.

समोरचं शटर खाली आलं. मग त्याच्या शेजारचं. भाव कळत नसेल तर इथे कुणी काही विकत नाही. अबू निम्रने बाईंची नजर टाळून हात वर शटरकडे नेला. फळीवरचा डबा आधी अर्धा दिसेनासा झाला, मग पुरता.