बंद असलेल्या कॅमेऱ्यातली टेप

आमच्या घरात वीस वर्षं एकच खटला चालू आहे. आई म्हणते, लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात तिच्यासोबत नाचले. बाबा म्हणतात, काहीतरीच. आता बाबा म्हणजे जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, चालतातसुद्धा मोजून. त्यांनी नाचावं हे मला आणि दादाला कधी पटलंच नाही. आई तर बारकावे पण सांगायची, यांच्या डाव्या मोज्याला टाचेशी भोक होतं आणि हे तोंडाने आकडे मोजत होते. मग आम्ही दोघं पोट धरून हसायचो आणि बाबा वर्तमानपत्राआड जायचे.

गेल्या महिन्यापासून आई विसरायला लागली. चष्मा फ्रिजमध्ये सापडला, शेजारणीचं नाव ओठांवर येऊन परत गेलं. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, लक्ष ठेवा. आणि परवा कपड्यांच्या घड्या घालता घालता आई मला म्हणाली, "तो नाच बहुतेक मीच मनाने रचला असेन गं. आणि तो रचला असेल, तर बाकीचं काय काय रचलंय कुणास ठाऊक."

म्हणून रविवारी सकाळी मी माळ्यावरून दादाचा जुना कॅमेरा काढला. लग्नाच्या त्या वाढदिवशी हा पठ्ठ्या तो घेऊनच घरभर हिंडत होता. संध्याकाळी टेप जरा मागे घेताना कॅमेऱ्याने ती गिळली, ती आजतागायत त्याच्या पोटात.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. कॅमेरा कधी उघडला नव्हता, पण चाकं, पट्टे, स्प्रिंगा सगळीकडे सारख्याच. दादाला स्क्रू फिरवायचा कुठल्या बाजूला हे अजून कळत नाही, पण सल्ला द्यायला तो सगळ्यात आधी हजर. मी वायर जोडली. कॅमेरा घर्र घर्र करून गप्प झाला.

"मोटर गेली," दादा म्हणाला.

"मोटर ओरडतेय म्हणजे जिवंत आहे. गेलेलं माणूस ओरडतं का? तू सरक तिकडे, उजेड अडतोय माझा."

"कशाला त्या डबड्यात डोकं घालताय," बाबा दारातून म्हणाले. तासाभरात चौथ्यांदा म्हणाले.

माझी एक पद्धत आहे. कागदावर वस्तूचं चित्र काढायचं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच चिकटपट्टीने चिकटवायचा. अकरा स्क्रू निघाले. आत पाहिलं तर दातेरी चाकांवरचं ग्रीस वाळून पार डिंक झालेलं. त्यामुळे टेप आत ओढणारी यंत्रणा मध्येच अडकली होती आणि टेपेचा वेढा चकचकीत गोल ड्रमवर तसाच राहिला होता. मोटरचा दांडा मी बोटाने उलटा फिरवला, मशीनचं चाक हाताने फिरवतात तसा, अगदी सावकाश. वेढा सुटला. टेपेला एक चुणी पडली होती, पण तुटली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला.

मग स्पिरिटने ड्रम पुसला, रबरी चाक पुसलं, डिंक खरवडला. आणि शेवटी शेवटी, पापणीच्या केसाएवढी एक स्प्रिंग चिमट्यातून टुणकन उडाली.

"कुणीही हलायचं नाही," मी ओरडले. दादा एका पायावर उभा राहिला.

मी, दादा आणि पलंगावर बसलेली आई, आम्ही तिघं डोळे ताणून बघतोय, तेवढ्यात बाबा आत आले आणि गुडघ्यांवर बसले. त्यांनी फरश्या मोजल्या, आडव्या नऊ, उभ्या बारा, आणि भिंतीपासून एकेक फरशी तळहाताने चाचपत निघाले. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, पण एक फरशी सोडली नाही. स्प्रिंग पाचव्या ओळीत कपाटाच्या पायाशी मिळाली. ती माझ्या हातावर ठेवून ते आईकडे बघत म्हणाले, "नाचलो होतो मी."

आई म्हणाली, "राहू द्या हो. मला बरं वाटावं म्हणून म्हणताय आता."

बाबांचा चेहरा एवढासा झाला. वीस वर्षं नाही नाही म्हटल्यावर त्यांच्या 'हो'ला आता कोण विचारतो. मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. मी स्प्रिंग बसवली, अकरा स्क्रू लावले, लाल-पांढरी-पिवळी वायर टीव्हीला जोडली, टेप सुरुवातीपर्यंत मागे नेली आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

चित्र आलं. चित्रात फरशी होती. मग कुणाचे तरी बूट, सोफ्याची खालची बाजू, दादाचं पोट, परत फरशी. नंतर केकभोवती सगळे जमल्याचा गलका, दादाचा आवाज, "हं, आता हसा," आणि लगेच पुन्हा बूट.

मला कळलं आणि मी हसत सुटले. शहाण्याने सकाळी बटण चुकून दोनदा दाबलं होतं, आणि मग दिवसभर सगळं उलटं. चित्रण करतोय असं वाटे तेव्हा कॅमेरा बंद, आणि बंद केला की चालू.

"तरीच टेपेत कुणाचं तोंड दिसत नाही," दादा म्हणाला. आईला मात्र हसू येत नव्हतं. ती पदर मुठीत धरून बसली होती.

मग स्वयंपाकघर आलं, कॅमेरा ठेंगण्या स्टुलावर ठेवलेला. बाबांचा आवाज आला, "बंद केलास ना रे तो?" दादाचा आवाज, "केला." दादाची पावलं गेली. रेडिओ लागला.

आणि चित्रात दोन तपकिरी मोजे आले. समोर निळ्या पट्ट्यांच्या चपला. मोजे एक पाऊल पुढे, एक बाजूला, एक मागे. "एक, दोन, तीन," बाबा मोजत होते, "एक, दोन, अगं तो पाय माझा." चुणीपाशी सगळं थरथरलं, मला वाटलं गेलं, पण परत आलं. एक चप्पल निघून लांब सरकली आणि आई खळखळून हसली, त्या वेळची आई. मोजा वळला. टाचेला भोक.

टेप संपली.

"डावाच," आई म्हणाली. "डावाच होता." मग मुठीतला पदर सोडून, "म्हणजे बाकीचंही खरं असेल." आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंसुद्धा नाही.

बाबा उठले. त्यांनी चपला काढून भिंतीशी सरळ लावल्या आणि दादाकडे पाहिलं.

"बंद आहे ना तो?"

दादाने दोन्ही हात वर केले. मी वायर उपटून दाखवली.

बाबांनी आईपुढे हात धरला आणि म्हणाले, "एक."