आडवी कडी, उभी कडी

मी एक जुनी फळी आहे. मला फळी म्हटलेलं फारसं आवडत नाही मित्रांनो, पण आता सवय झाली आहे. खरं तर मी दार होते. कपड्यांच्या कपाटाचं डावं दार. उजव्या दाराला आरसा होता, त्यामुळे घरातला जो तो त्याच्यापुढे उभा राहून केस विंचरायचा आणि माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहायचं नाही. पुढे कपाटाला वाळवी लागली. उजवं दार आरशासकट निकालात निघालं आणि मी मात्र धडधाकट राहिले. त्यानंतर माझ्या आयुष्यात बरंच काही घडलं. एकदा तर माझा जीव अगदी टांगणीला लागला होता. पण सगळं निभावलं, म्हणून आज निवांतपणे सांगते आहे.

कपाट मोडायला जो सुतार आला होता, तो त्या घरातल्या बाईंचा धाकटा भाऊ. घरात दोन वर्षं पूर्ण होऊन तिसरं लागलेली एक मुलगी होती. तो तिचा मामा. मुलीला सगळे खारू म्हणत, कारण खारीसारखी ती सतत कशावर तरी चढलेली असायची आणि काहीतरी कुरतडत असायची. बाबा सकाळी कामावर जात ते दिवेलागणीला परत येत. आई घरीच शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन होतं. सारा दिवस आई, मशीन आणि खारू.

आईने खारूला गुंतवून ठेवायला काय काय केलं म्हणून सांगू! रद्दीचे कागद फाडायला दिले. मोज्यांचा ढीग पुढ्यात टाकून जोड्या लावायला सांगितल्या. दोन वाट्या आणि स्पंजचा तुकडा देऊन या वाटीतलं पाणी त्या वाटीत न्यायला शिकवलं. खारू ते सगळं मन लावून करायची, पण मशीन घरघरलं की तिची मान तिकडे वळायची. आई करते ते खरं काम आणि आपल्याला दिलंय ते खोटं, हे तिला बरोबर कळायचं. एके दिवशी आई दोरा तोडायला वाकली, तेवढ्यात खारूचं बोट सुईखाली. मशीन पुन्हा चालवू लागलेला आईचा पाय जागच्या जागी थांबला म्हणून बरं. बोट वाचलं, पण आईने त्या दिवशी मशीनला पुन्हा हात लावला नाही.

तिने मामाला सांगितलं, "हिच्यासाठी काहीतरी कर बाबा. हिला खेळणी नकोत, खऱ्या वस्तू हव्यात."

मामाची नजर भिंतीला टेकून ठेवलेल्या माझ्याकडे गेली. मित्रांनो, तोवर माझी रवानगी भंगारात व्हायची ठरली होती!

मामाने मला मापात कापलं, कोपरे गोल केले, आणि कुठे बोटात कूस घुसू नये म्हणून इतकं घासलं की मलाच माझा स्पर्श ओळखू येईना. मग त्याच्या पिशवीतून उरलंसुरलं सामान निघालं. बिजागरीवरचं तळहाताएवढं दार, साखळी, सायकलची घंटा, जुन्या बॅगेचं चाक, दिव्याचं बटण. आईने तिच्याजवळच्या चिंध्यांतून एक पट्टा शिवून दिला. त्याला चेन, हूक आणि रंगीत गुंड्यांची रांग. भाऊ-बहीण जमिनीवर बसून लहानपणीसारखे भांडत होते.

"गुंड्या वर नको रे, तिचा हात पोचणार नाही."

"ताई, तू फक्त शिव. लाकडातलं मला कळतं."

शेवटी राहिली कडी. दारांना असते तशी सरकणारी, दांडीला धरायला छोटं बोंड असलेली. ती उभी बसवायची होती, पण मध्ये घंटा आली. मामाने डोकं खाजवलं आणि कडी सरळ आडवी ठोकून दिली. "कडी ती कडी," तो म्हणाला, "आडवी काय आणि उभी काय!" आईलाही ते पटलं. मित्रांनो, हे तेवढं लक्षात ठेवा.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. मला मशीनशेजारी जमिनीवर टेकून ठेवत आणि खारू माझ्यापुढे मांडी ठोकून बसायची. जिला कुणी कधी पाहिलं नाही, ती मी आता दिवसभर कौतुकात न्हात होते. चेन वर जाताना खारूही मान वर करायची, खाली येताना खाली. गुंड्या लावताना ती जीभ बाहेर काढायची. लाल, हिरवी, पिवळी हे तिला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. आई नुसती म्हणायची, "आता हिरवीला घरात घाल." आणि हिरवी घरात जायची.

कडी मात्र तिला लवकर जमेना. मग मामाने युक्ती काढली. दांडीच्या बोंडाला त्याने नाक म्हणायला सुरुवात केली. "नाक धर. नाक वळव. आता ओढ!" खारू नाक धरायची, वळवायची आणि दांडी बाजूला ओढायची. टक्! पहिल्यांदा तो आवाज आला, तेव्हा ती इतकी हसली की आईने मशीन थांबवून तिला उचललं. त्यानंतर घरभर दिवसाकाठी कितीदा तरी टक् व्हायचं. आईचं शिवण वेळेवर होऊ लागलं, तिच्या सुईखाली आता कापडाशिवाय काही येत नव्हतं, आणि माझा ऊर अभिमानाने भरून येत होता.

पण शिकलेलं कुठे माझ्यापुरतं राहतं? खारूने ओट्याखालची कपाटं उघडली. पावडरचे डबे उघडले. शेजारच्या काकू एकदा बसायला आल्या होत्या. गप्पा रंगल्या असताना खारूने त्यांच्या पर्सची चेन उघडून आतल्या सगळ्या वस्तू ओळीने मांडल्या.

"अगं, चोर तयार करतेयस की काय घरात?" काकू म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात खारूने आईच्या कपाटातून गिऱ्हाइकाचे नवे शिवलेले पडदे काढले आणि त्यांनी फरशी पुसली. आईचा संयम सुटला. पडदे धुताना तिचे डोळे भरून आले होते. मग सारा राग माझ्यावर निघाला. "या फळीनेच हिला नको ते शिकवलं!"

माझी रवानगी गॅलरीत झाली. चपलांच्या जुन्या मांडणीवर मला उभं केलं आणि वर फरशी पुसायचं फडकं वाळत घालू लागले. फळी कुठे गेली असं खारूने विचारलं तर उत्तर मिळायचं, "मामाकडे गेली." खारू रोज विचारायची. मी भिंतीपलीकडून ऐकायचे, आणि फडक्याचं पाणी माझ्या गुंड्यांवरून ठिबकत राहायचं. साखळीला गंज चढला. आरशाचं दार निकालात निघालं तेव्हा मी मनातून हसले होते, ते मला फार आठवू लागलं.

एक मात्र बरं होतं. माझ्यासमोरच स्वयंपाकघराची खिडकी होती. फडक्याच्या एका बाजूने मला गजांमधून आतलं सगळं दिसायचं. डाव्या भिंतीला ओटा आणि गॅस, समोर दार.

एका दुपारी आईने गॅसवर दुधाचं पातेलं ठेवलं होतं. तेवढ्यात काकू शिवायला टाकलेले उशांचे अभ्रे न्यायला आल्या. "आलेच हं," म्हणत आई बाहेर गेली. खारू स्वयंपाकघरात एकटी राहिली. तिने दार लोटलं. दाराला खाली, जमिनीजवळ, एक कडी होती. सगळ्या घरांत असते तशी, उभी. खारूने तिचं नाक धरलं, नाक वळवलं, आणि दांडी आपल्याच वजनाने खालच्या भोकात जाऊन बसली. ओढावं लागलंच नाही. किती सोपं! खारूने टाळ्या वाजवल्या.

आईने दार ढकललं आणि ते उघडेना.

"खारू? खारू, कडी काढ बाळा!"

खारूने लगेच नाक धरलं, वळवलं आणि ओढलं. बाजूला ओढलं, मित्रांनो. मी शिकवलं होतं तसंच, अगदी तस्संच. पण ती दांडी बाजूला कशी सरकणार? ती वर जायला हवी होती. खारू दोन्ही हातांनी ओढत होती, चेहरा लाल झाला होता, आणि मला तिथे चपलांवर उभं राहून ते बघवेना.

"ओढ ना गं, ओढ!" आई बाहेरून म्हणत होती. काकूंनी दारावर थापा मारायला सुरुवात केली. "अगं ए पोरी, उघड ना!" त्या थापांनी खारू घाबरली आणि रडायला लागली. पातेल्यात दुधाच्या कडेला बुडबुडे धरू लागले होते.

आई धावत गॅलरीत आली. खिडकीचे गज धरून तिने आत पाहिलं. गज लोखंडी, भिंतीत पक्के. गॅस हाताच्या टप्प्यात नाही. एकीकडे तिने मामाला फोन लावला. मामाच्या मागे करवतीचा आवाज येत होता. तिने दोन वाक्यांत सगळं सांगितलं आणि करवत थांबली.

"दार तोडायला लावू का कुणाला?"

"अजिबात नको. दार आत उघडतं. ती दाराशीच बसलीय ना? तिलाच लागेल. काय करतेय ती?"

"कडी ओढतेय. बाजूला ओढतेय सारखी. वर उचल म्हटलं तर तिला कळतच नाहीये!"

मामाला आपली आडवी ठोकलेली कडी आठवली. तो म्हणाला, "माझंच चुकलं. ताई, फळी कुठाय?"

"फळी? इथेच. गॅलरीत."

"तिला खिडकीत धर. आडवी नको धरूस, उभी कर. कडीचं तोंड खाली येईल अशी. आणि तिच्यासमोर उघडून दाखव. फोन स्पीकरवर टाक."

आईने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि फडकं ओढून फेकून दिलं. इतक्या दिवसांनी तिचा हात माझ्या अंगाला लागला, तो घामाने ओला होता. तिने मला उचललं, एका अंगावर फिरवलं आणि माझं तोंड आत करून गजांना टेकवलं. घंटा तिरकी झाली, गुंड्यांची रांग खाली लोंबली, आणि माझी आडवी कडी जन्मात पहिल्यांदा उभी राहिली.

खारूने वर पाहिलं. "फळी!" रडणं तिथल्या तिथे बंद. आणि ती दार सोडून धावतच खिडकीकडे निघाली, मला घ्यायला. वाटेत गॅस! दूध पातेल्याच्या काठाला आलं होतं.

"तिथेच थांब!" आई ओरडली. मग तिने स्वतःला आवरलं. आवाज मऊ केला. कसा केला तिचं तिला ठाऊक. "खारू, फळी हवी ना? ती बाहेर आहे. दार उघड आणि घे. जा, दाराशी जा. तिथूनच बघ."

खारू मागे फिरली. काकूंच्या थापा अजून चालू होत्या.

"काकू, जरा गप्प राहा!" आई म्हणाली. एरवी तिने काकूंना असं कधीच म्हटलं नसतं. थापा थांबल्या.

मग फोनमधून मामाचा आवाज आला, माझ्यापुढे बसून यायचा तसाच. "खारूताई, नाक धर." आईने गजांतून हात घालून माझ्या कडीचं नाक धरलं. दाराशी खारूने तिच्या कडीचं धरलं. "नाक वळव." दोघींनी वळवलं. "आता बघ हं, आईची कडी कुठे जाते?"

आईने दांडी वर ओढली. टक्!

खारू माझ्याकडे बघत राहिली. मान वर केली, चेन वर जाताना करायची तशी. आणि मग दोन्ही हातांनी तिने आपली दांडी वर ओढली.

टक्.

काकूंनी दार अलगद लोटलं, त्या आत धावल्या आणि त्यांनीच गॅस बंद केला. दूध उतू जाऊन ज्योत फडफडायला लागली होती. आई मला छातीशी धरूनच गॅलरीतून फिरून आली आणि दारात खाली बसली. एका मांडीवर मी, एका मांडीवर खारू. ती हसत होती का रडत होती, मला सांगता येणार नाही. खारूला त्याचं काही नव्हतं. ती माझ्या गुंड्या ओल्या का आहेत ते विचारत होती. फोनमध्ये मामा "काय झालं? काय झालं?" करत राहिला होता. शेवटी काकूंनी खिडकीतला फोन उचलून सांगितलं, "उघडलं रे बाबा! तुझी भाची आमच्यापेक्षा शहाणी आहे. आणि ऐक, माझ्या नातवालाही एक फळी करून दे."

संध्याकाळी मामा आला. त्याने आधी खारूचा पापा घेतला आणि मग, मित्रांनो, माझ्या पाठीवर थाप मारली. साखळीचा गंज पुसला. स्वयंपाकघराच्या दाराची खालची कडी स्क्रू काढून उपटली आणि चेनचा पट्टा थोडा सरकवून ती माझ्या अंगावर बसवली. उभी. आता माझ्यापाशी दोन्ही आहेत, आडवी आणि उभी, आणि त्या दाराला खाली कडीच नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं काहीतरी घरीच केलेलं, ओबडधोबड पडलेलं असेल. त्याच्यावर फडकी वाळत घालू नका. ते तुमच्या धाकट्या भावंडांना द्या, आणि देऊन उठून जाऊ नका. जरा शेजारी बसा. आम्ही फळ्या आम्हाला जेवढं येतं तेवढंच शिकवतो. राहिलेलं तुम्हाला शिकवावं लागतं.

मी पुन्हा मशीनशेजारी आहे. खारू रोज उभी कडी लावते. ती लागली की मशीनची घरघर थांबते. आई मान वळवत नाही, नुसती थांबते. मग खारू नाक धरते, वळवते, दांडी वर ओढते. टक्. आणि मशीन पुन्हा सुरू होतं.