हिरीची पापणी

औरादच्या जनावरांच्या दवाखान्यात भीमराज कंपाउंडर होता. १९६६ च्या त्या उन्हाळ्यात त्यानं तीन घोड्यांचे लगाम धरले होते, हवालदारानं गोळी घालेपर्यंत. पहिल्या वेळी त्याला ओकारी आली. दुसऱ्या वेळी घास गिळेना. तिसऱ्या वेळी तो घरी गेला, पोटभर जेवला आणि झोपला. आपल्याला काहीच वाटेनासं झालंय हे त्याला कळत होतं, पण त्याचंही काही वाटत नव्हतं.

रोग छातीचा होता. घोड्याचं नाक गळायचं, दम लागायचा, आणि माणसालाही तो जडायचा, म्हणून सरकारचा हुकूम कडक. रोग ओळखायला पापणीत औषध टोचायचं, दोन दिवसांनी बघायचं. पापणी सुजली नाही तर घोडं सुटलं, सुजली तर गोळी. मालकाला हे आधी सांगावं की नाही, याबद्दल हुकुमात अवाक्षर नव्हतं. हुकूम काढणाऱ्यांना कुठं मालकाच्या तोंडाकडं बघायचं असतं? भीमराजनं एका टांगेवाल्याला खरं सांगून टाकलं, तर तो पठ्ठ्या घोड्यासकट राज्याच्या सरहद्दीपलीकडं पसार झाला. तेव्हापासून भीमराज गप्प राहायला शिकला.

नरसिंग टांगेवाला आपली तांबडी घोडी हिरी घेऊन आला, तेव्हा तिचं नाक गळत होतं. सुई पापणीत गेली तशी तिनं मान झटकली. नरसिंगनं बाही वर सारून दंडावरचे देवीच्या लसीचे दोन व्रण दाखवले.

"ह्ये असंच की, अण्णा? पोरपणी मला टोचलं हुतं. टोचलेलं फुगून उठलं तवा आजी म्हणली, लागू पडलं, आता भ्या न्हाई."

"व्हय," भीमराज म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नरसिंग दवाखान्यात शिरला तो हसतच. हिरीचा डोळा पार मिटला होता, पापणी लिंबाएवढी सुजून पू गळत होता. तिच्या लगामात कडुनिंबाची डहाळी खोचलेली. नरसिंगच्या हातात फडक्यानं झाकलेली वाटी होती.

"उठली की वो अण्णा! अशी उठली की बघत ऱ्हावं. घरवालीनं, कोंडाबाईनं देवीला दहीभात दावला. तुम्ही टोचलंत, तुमचा घास आधी."

भीमराज बौद्ध होऊन देवदेवता सोडलेल्या घरातला. एरवी त्यानं हात जोडून नको म्हटलं असतं. त्या दिवशी त्यानं वाटी घेतली, कारण ती घेतली नसती तर बोलावं लागलं असतं. उभ्या उभ्या त्यानं ती संपवली. मग आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, आणि डॉक्टरांनी हवालदाराला बोलावलं.

हिरीचाही लगाम त्यानंच धरला. नरसिंग ओरडला नाही, आडवा आला नाही. एवढंच म्हणाला, "पर ती तर उठली हुती."

डॉक्टर शिवय्या कानडी माणूस, मनाचा मऊ. फुप्फुसाचा तुकडा बंगळूरला पाठवायचा म्हणून त्यांनी रबरी मोजे घालून छाती उघडली आणि नरसिंगला लांबूनच दाखवलं. फुप्फुसात ज्वारीच्या दाण्यांएवढ्या कडक गाठी होत्या.

"हे बघा अप्पा. श्वासातून जंतू आत जातात. फुप्फुसात राखणदार पेशी असतात, त्या जंतू गिळतात. पण हे जंतू गिळले तरी मरत नाहीत, पेशीच्या पोटातच वाढतात. मग दुसऱ्या पेशी येऊन भोवती कोंडाळं करतात. त्याची ही गाठ. टोचलं ते असल्याच मेलेल्या जंतूंचं सत्त्व. अंगाला ओळख होती, म्हणून पेशी पापणीकडंही धावल्या. ओळख नसती तर पापणी सुजलीच नसती."

नरसिंगनं त्या गाठींकडं बोट केलं.

"म्हंजी ती हरली न्हवती?"

"नाही. लढत होती."

"मग लढायलेल्या जनावराला कामून मारलं?"

डॉक्टरांनी मोजे काढले. इतरांना लागू नये म्हणून, असं ते म्हणाले. हिरीला खड्ड्यात लोटलं, वर चुना पडला.

चार दिवस वाटी दवाखान्याच्या खिडकीत पडून होती. पाचव्या दिवशी भीमराजनं ती घासली आणि नरसिंगच्या घरी गेला. आज सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं: उठली तर गोळी, हे मला पहिल्या दिवसापासून ठावं हुतं, तरी मी व्हय म्हणलो. दारात रिकामा टांगा दांड्या टेकून उभा होता. कोंडाबाई बाहेर आली. तिनं वाटी घेऊन पदरानं पुसली.

"नरसिंगअप्पा हाईत का?"

"ऊसतोडीचं काम बघाया अफजलपूरकडं गेलेत." मग तिनं विचारलं, "भात बरा झाला हुता का, अण्णा? घाईत मीठ घातलं की न्हाई, तेच मला आठवंना. चार दिस तेच डोक्यात हाय."

भीमराजनं तो भात आठवून पाहिला. मीठ आठवेना, दही आठवेना, गिळल्याचंसुद्धा आठवेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी वाटलं.

"व्हय," तो म्हणाला. "बरा झाला हुता."