फळ्यांचा उतार

"बाई, वाळूची गाडी चढते, मग ही का नाही चढणार?" असं म्हणत गवंड्याने फळ्यांवरची खडी पायानेच बाजूला सारली.

शिवणवाली पडद्यांची मापं घ्यायला चर्चमध्ये आली होती. चाकाच्या खुर्चीतली लेक फाटकापाशी थांबली होती. जुन्या पायऱ्या फोडून कामगारांनी दारापर्यंत फळ्या टाकल्या होत्या. लेकीने आईकडे पाहिलंही नाही. दोन्ही हातांनी चाकं रेटत, मध्ये एकदा दम खात, ती वर गेली. छप्पर काढलेल्या त्या चर्चमध्ये तिने खुर्चीची एक गिरकी घेतली.

लहानपणापासून मंडळीतले चार पुरुष तिला खुर्चीसकट उचलून आत नेत. चौदावं लागलं तेव्हा त्यांतल्या एकाने थट्टा केली, बया, वजनदार झालीस की आता. मनात काही वाईट नव्हतं. पण पुढच्या रविवारी लेकीचं पोट दुखलं, आणि मग दर रविवारी दुखू लागलं. आईने ओळखलं. तिने जबरदस्ती केली नाही.

काम लांबत चाललं. कधी फरशी यायची नाही, कधी कारागीर. उपासना शाळेच्या माडीवर व्हायची. पाळकसाहेब धीर धरा म्हणत आणि मंडळी धरायची. म्हातारी माणसं कठड्याला लोंबकळत चढायची, नवं चर्च बघूनच डोळे मिटू म्हणायची. शिवणवाली तर मशीन चालवता चालवता लेकीला रोज सांगायची, उतार झालाच आहे गं, आता वर फरशी बसली की झालं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांना विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं, त्यात विचारायचं काय?

नव्या चर्चच्या पहिल्या रविवारी लेकीने आपण होऊन वेणी घालून घेतली. फाटकातून आत शिरल्या आणि दोघी थबकल्या. फळ्या गेल्या होत्या. तिथे काळ्या दगडाच्या सहा पायऱ्या होत्या. पूर्वी पाचच होत्या.

थोरले पंच लगबगीने खाली आले. इतक्या दिवसांनी पोर आली म्हणून त्यांना कोण आनंद. त्यांनी चौघांना हाक मारली. ते बाह्या सारत उतरू लागले.

लेकीने दोन्ही चाकांचे ब्रेक लावले. "आई, नको ना."

"काका, इथे उतार होता," शिवणवाली म्हणाली.

"तो होय! मालासाठी होता तो. परवाच काढला." मग त्यांचा आवाज खाली आला. "तू कधी बोलली नाहीस, बाई."

"नाही बोलले."

पुढच्या सभेत विषय काढतो, तेवढा धीर धर, असं सांगून ते चौघांना घेऊन वर गेले. दार उघडं राहू द्या, एवढंच आईने मागितलं. त्यांनी ते अर्धं ठेवलंही. पण आतला गारवा जातो म्हणून कुणीतरी ओढून घेतलं.

शिवणवाली खालच्या पायरीवर बसली. तिचं डोकं आता लेकीच्या डोक्याशी आलं.

"तू जा आत," लेक म्हणाली. "तुझे पडदे कसे दिसतात ते तरी बघ."

"पडद्यांत काय बघायचंय."

आत सगळे उभे राहिल्याचा आवाज आला, मग गीत. लाकडातून शब्द नीट येत नव्हते. लेक ओठांतल्या ओठांत गाऊ लागली, आतल्यांपेक्षा एक कडवं मागे.