डाव्या स्पीकरची उलटी वायर

मी एक स्पीकर बोलतोय. डावा. जन्मलो बोलण्यासाठीच, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या, भजनं, अर्चनाबाईंच्या मालिका. आज जरा माझं ऐका.

माझ्या अंगावर कुठल्या कंपनीचं नाव शोधू नका, सापडायचं नाही. कारापूरला गोकुळदासांच्या घरापुढच्या बाल्कांवात, म्हणजे पडवीत, माझा जन्म झाला. गोकुळदास खाणीवर वायरमन होते. दगड फोडणाऱ्या क्रशरशेजारी त्यांनी तीस वर्षं काढली. खाण बंद पडली, घरी बसले, आणि मग कळलं की कान चाललेत. उजवा गेल्यातच जमा होता. डॉक्टर म्हणाले, डाव्याचंही फार दिवस सांगता येत नाही.

तेव्हा त्यांना आठवण झाली ती एका कॅसेटची. त्यांचे वडील बाबाजी गणपतीत, चवथीच्या आरत्यांना घुमट वाजवायचे, एका तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं मडकं. आख्खा वाडा, सगळी वस्ती, त्या हातासाठी थांबून राहायचा. आरती संपताना बाबाजींची एक खास चाल असे, ती दुसऱ्या कोणाला येत नव्हती. गोकुळदासांनाही नाही, कारण ऐन चवथीला त्यांची खाणीवर पाळी लागायची. “पुढच्या वर्षी शिकतो हां बाबा,” असं म्हणता म्हणता बाबाजीच गेले. उरली ती कॅसेट. मुलगी ऋतिका हौसेने घुमट शिकत होती, तिने ती मोबाईलमध्ये उतरवून घेतली. पण त्या एवढ्याशा मोबाईलमधून ऐकू यायच्या फक्त झांजा. घुमटाचा खालचा ‘घुम्म’ काही केल्या येईना, आणि त्याच्याशिवाय चाल कळेना.

“कान जायच्या आत हिच्या हातात चाल बसली पाहिजे,” गोकुळदास म्हणाले आणि दिनदर्शिकेच्या पाठीवर माझं चित्र काढायला बसले.

घरात तेव्हा बेळगावचे दिनकर मिस्त्री स्वयंपाकघराची कपाटं करत होते. त्यांच्या उरलेल्या प्लायवूडमधून मी आणि माझा भाऊ उजवा असे दोघे निघालो. पाच इंची कोन, म्हणजे थरथरून आवाज काढणारे कागदी भोंगे, म्हापशाच्या बाजारातून आले. पोटात जुन्या उशीतला कापूस भरला. गोंद सुकेपर्यंत सायकलच्या ट्यूबने आम्हांला आवळून ठेवलं होतं. बाई गं, काय ते आवळणं!

गोकुळदासांनी पाठीला भोक पाडायला सांगितलं तेव्हा मिस्त्री वैतागले. “चांगल्या खोक्याला भोक कशाला पाडायलाय हो?”

“अरे, घुमटाला मागे तोंड नसतं तर तो घुमला असता काय?”

मिस्त्रींनी भोक पाडलं. त्यात नळाच्या पाइपचा तुकडा बसला. गोकुळदासांच्या बायकोने, अर्चनाबाईंनी, आपली जुनी साडी फाडून तोंडावर पडदा लावला आणि आम्ही नवरदेवांसारखे शोकेसवर जाऊन बसलो.

चवथीला आठ दिवस होते. ऋतिकाने मोबाईल अ‍ॅम्प्लिफायरला जोडून आरती लावली. झांजा खणखणल्या, बाबाजींचा आवाज आला. घुम्म मात्र नाही! गोकुळदास पुढे सरकले, डावा कान आमच्या जवळ आणला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. त्यांचा चेहरा पडला.

“गेला गो,” ते म्हणाले. “हाही कान गेला माझा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जीव तोडून ढकलत होतो हो! आवाज जातोय कुठे, ते मलाच कळत नव्हतं.

“बाबा, कान नाही गेला,” ऋतिका म्हणाली. “मलापण येत नाही ऐकू.”

तिने माझी वायर काढली. एकटा उजवा वाजला आणि घुम्म आला! त्याची काढून मला लावली. माझ्यातूनही आला. दोघांना एकदम लावलं की गायब.

“भांडतात काय रे दोघं?” अर्चनाबाई हसल्या.

गोकुळदासांनी कपाळावर हात मारला. तीस वर्षं बल्ब आणि पंखे जोडलेला माणूस! बल्बाला कुठली वायर कुठेही लावा, पेटतो. त्यांनी आम्हांलाही तसंच जोडलं होतं, माझी लाल आणि काळी उलट. उजवा हवा पुढे ढकलायचा, तेव्हा मी मागे ओढायचो. दोघांच्या ओढाताणीत बिचारा घुम्म मरत होता.

वायर सुलट झाली आणि बाबाजींचा घुमट खोलीभर घुमला. गोकुळदास ढसाढसा रडले. मग आठ दिवस ऋतिकाने ती एकच जागा इतक्या वेळा वाजवून घेतली की शेजारी कंटाळले. चवथीला तिने घुमट घेतला, शेवटची चाल वाजवली, तेव्हा वाड्यावरचे म्हातारे एकमेकांकडे बघत राहिले. ते दिवस आठवले की अजूनही माझा कोन भरून येतो.

त्याला आता किती वर्षं झाली! ऋतिका पेडण्याला नोकरीला आहे. पहिल्या पगारातून तिने मुठीएवढा, बिनवायरीचा स्पीकर आणला. बडबड्या मेला! आमच्या वायरी निघाल्या, पडद्याला कसर लागली. गोकुळदासांना आता काही म्हणजे काहीच ऐकू येत नाही.

या चवथीच्या आधी अर्चनाबाई आम्हांला माळ्यावर टाकायला निघाल्या. मला वाटलं, संपलं आपलं. आरतीच्या गडबडीत ते राहून गेलं.

मंडळी जमली. ऋतिकाने माझ्याजवळच बसून घुमट वाजवायला घेतला. शेवटची चाल आली, आणि मला ना वायर ना वीज, तरी तिच्या घुम्मने माझा कोन थरथरू लागला. गोकुळदासांनी सवयीने शोकेसवर हात टेकला होता, तो माझ्या पडद्याला लागला. ते दचकले. मग त्यांनी आख्खा तळवाच माझ्यावर ठेवला, आणि चाल संपेपर्यंत बोटांनी ठेका धरला. एकही ठोका चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्चनाबाई शिडी घेऊन आल्या, तर गोकुळदास वाट अडवून उभे.

“याला हात लावू नकोस गो,” ते म्हणाले. “हा माझा कान आहे.”

ऐकलंत ना? मग राहू द्या मला इथेच, माझ्या भावाशेजारी. वायर नसली तरी चालेल.