आधी फोन कुणी ठेवायचा

बायको गेली त्या दिवशी मुलीला कळवायला मला तिच्या कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन करावा लागला. तिथे कामाला बसताना सगळ्यांचे फोन कपाटात कुलपात ठेवतात. तिचा फोन वाजत राहिला. मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. तक्रारीचा नंबर मला पाठ होता, कारण मुलीला चिडवायला ही घरात तो सारखा म्हणून दाखवायची.

आधी गाणं वाजलं. मग टेपवरच्या बाईने सांगितलं, वॉशिंग मशीनसाठी एक दाबा, फ्रीजसाठी दोन. मी एक दाबलं. बऱ्याच वेळाने एका मुलाने उचलला आणि मॉडेल नंबर विचारला.

"मशीनचं काही नाही," मी म्हणालो. "तुमच्याकडे माझी मुलगी कामाला आहे. तिची आई गेली."

तो "जरा थांबा हं, काका," म्हणाला, आणि पुन्हा गाणं लागलं.

मुलगी तेव्हा दुसऱ्या फोनवर होती. त्यांच्याकडे नियम आहे, फोन आधी गिऱ्हाइकाने ठेवायचा, आपण नाही. तिची टीम लीडर मागे येऊन उभी राहिली, पण फोन काही काढून घेतला नाही. मुलीने शेवटचं ठरलेलं वाक्य म्हटलं, आणखी काही मदत करू का? पलीकडच्या बाईला आणखी एक तक्रार आठवली. हे मुलीने मला नंतर सांगितलं.

आमच्या घरातली ती पहिली पदवीधर. मी नळांची कामं करतो, ही शाळेचे गणवेश शिवायची. नोकरी लागली तशी ही तिला बाईसाहेब म्हणायला लागली आणि ऑफिससाठी शर्ट शिवायला घेतले. पण बाईसाहेब दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन घरी यायच्या आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडायच्या. पाणी अंगावर पडतंय की नुसतं बादलीत, ते मला आवाजावरून कळतं. मी हिला सांगितलं. हिला आधीच माहीत होतं. शर्ट कमरेत दोनदा आत घ्यावे लागले होते.

नोकरी सोडू का, असं मुलीने विचारलं तेव्हा ही म्हणाली, "घाईने नको. रविवारी निवांत बसू, बोलू." शाळा उघडायचे दिवस, हिला रविवार कुठला? एक गेला, दुसरा गेला. मग गुरुवारी ही शिलाई मशीनवरच कोसळली. एखाद्या मुलाला गणवेश उशिरा मिळाला असता तर काय बिघडलं असतं, असं आता रोज वाटतं.

मुलगी परत कामावर जायला लागली. एका रविवारी दुपारी मी तिला समोर बसवलं. सोड म्हणून सांगायचं होतं, पण माझ्या शब्दाला घरात तेवढं वजन कधी नव्हतं. म्हणून थाप मारली.

"तुझी आई मला म्हणाली होती, सोडू दे तिला."

"कधी?"

"असंच. जेवताना."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बाबा, आईने एवढी मोठी गोष्ट एका वाक्यात संपवली? ती भाजी घेताना अर्धा तास घालवायची."

दोघंही हसलो. मग ती रडली, माझ्यासमोर, नळ न सोडता.

मी म्हणालो, बरं, मग मीच सांगतो, सोड. माझ्या कामावर घर चालतंय, त्याची काळजी नको. ती मशीनवरचा सुटा दोरा बोटाला गुंडाळत बसली.

"तुमचं पटतंय मला," ती म्हणाली. "पण आईशी बोलणं व्हायचंय अजून. आता सोडली तर ते मीच मध्ये तोडल्यासारखं होईल. आधी फोन ठेवायची सवयच गेलीये माझी."

यावर काय बोलायचं ते हिला सुचलं असतं. मी उठून चहा टाकला.

सोमवारी ती डबा घेऊन कामावर गेली. अजून जाते. दर रविवारी आम्ही समोरासमोर बसतो आणि इकडचं तिकडचं बोलतो. राजीनामा दिलेला नाही. मशीनच्या सुईखाली तिचा निळा शर्ट आहे, त्याची एक बाही लावायची राहिली आहे.