अस्वलानं चावलेली रायफल

समजा, तुम्ही सत्तर वर्षांचे आहात. मिश्या पांढऱ्या, गुडघे करकरणारे, पोट बऱ्यापैकी सुटलेलं. आणि तुम्ही दुसरीच्या बाकावर बसला आहात. गुडघे पार हनुवटीला टेकलेत. उठायला जावं तर बाकही तुमच्याबरोबर उठतो. बसलात? छान. आता मांडीवर एक रिकामी रायफल घ्या, नाहीतर या गोष्टीत तुम्हाला कोणी आत घेणार नाही.

अमेरिकेतल्या मोंटानात विलो ओढ्याच्या काठी एक बंद पडलेली, एकाच खोलीची शाळा होती. दर सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी तिथे सात म्हातारी माणसं अशीच बसत. सातही जणांना एकच वेड: जुन्या, लिव्हरच्या रायफली जमवायच्या आणि एकमेकांच्या रायफलींशी ताडून पाहायच्या. या रायफलीला चापाभोवती बोटं अडकवायची एक कडी असते. ती खाली ढकलून वर ओढली की जुनं काडतूस बाहेर आणि नवं आत. खडाक-खट्ट! हा आवाज ऐकून ती माणसं डोळे मिटून अशी मान डोलवत, जसं कोणी गाणंच म्हणतंय.

वेड एक असलं तरी पंथ दोन होते. काही रायफली रिकामं काडतूस वरच्या अंगाला उडवतात, काही उजव्या बाजूला. त्यावरून वरवाले आणि बाजूवाले असे दोन तट पडले होते आणि चाळीस वर्षं त्यांचं भांडण मिटलं नव्हतं.

"तुझं काडतूस तुझ्याच टाळक्यावर पडतं," बाजूवाले म्हणत.

"म्हणून तर देवानं आम्हाला टोपी घालायची बुद्धी दिली," वरवाले म्हणत.

बाजूवाल्यांचा म्होरक्या होता हालवर. त्याची नात सिग्ने, वय वर्षं दहा, या सभेची कार्डं लिहायची, कारण सातांपैकी कोणाचंही अक्षर दुसऱ्याला लागत नसे. प्रत्येक रायफलीची हकीकत एका कार्डावर लिहून ते दोरीनं कडीला बांधायचं. मग मालकानं फळ्यापाशी उभं राहून रायफल उघडून दाखवायची, ती रिकामी आहे हे सगळ्यांनी पाहायचं, मग हकीकत सांगायची आणि शेवटी म्हणायचं, "खरं तेच सांगितलं, बाई."

बाई म्हणजे ओडेसाबाई, सातांतल्याच एक. उरलेल्या सहांपैकी चौघांना त्यांनी याच खोलीत पाढे शिकवले होते. आता त्यांच्याकडे स्वतःच्या तीन रायफली होत्या आणि फूटपट्टी जुनीच होती. काडतुसं घरी ठेवायची आणि रायफल उघडी आणायची हा नियम त्यांचाच. एकदा कोणीतरी एक काडतूस चुकून खिशात आणलं, तर अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाला बाईंनी तासभर कोपऱ्यात उभं केलं होतं.

ज्याची रायफल पहिली येई, त्याची ती फळ्यावरच्या दोन खुंट्यांवर जेवणं होईपर्यंत मानानं टांगली जाई. शेवटच्या नंबराचा मालक सगळ्यांची भांडी घासे.

हालवर अकरा वर्षं भांडी घासत होता.

आणि पहिला यायचा डेल्बर्ट, वरवाल्यांचा पुढारी, हालवरचा लहानपणापासूनचा मित्र आणि तेवढ्याच वर्षांचा शत्रू. डेल्बर्टच्या रायफलीवर एक ओरखडा नव्हता. ती तो बायकोच्या जुन्या फ्लॅनेलच्या गाऊनमध्ये गुंडाळून ठेवी. दुसऱ्या कोणाला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालावे लागत. स्वतः डेल्बर्ट मात्र रोज संध्याकाळी तिला कुशीत घेऊन, दस्त्याला गाल लावून, खारे शेंगदाणे खात बसायचा. तेच शेंगदाणे त्याच्या शर्टाच्या खिशात कायम असत.

पण त्या वर्षीच्या जुलैत डाकोटातल्या बहिणीनं हालवरला बसनं एक लांबट पुडकं पाठवलं. पडद्याच्या कापडात गुंडाळलेली त्यांच्या वडिलांची रायफल! रंग उडालेला, नळीवर तपकिरी गंजाची साय, आणि लाकडी दस्त्यावर खोल खोल चरे. ती काडतूस वर उडवणारी होती, म्हणजे हालवरचे वडील वरवाले निघाले. घराण्याला लागलेला हा डाग हालवरनं मोठ्या मनानं गिळला, कारण ते चरे!

"अस्वल!" त्यानं सिग्नेला सांगितलं. "मी सहा वर्षांचा होतो. बाबा सकाळी रायफल घेऊन घरात आले आणि म्हणाले, हालवर, रात्री अस्वलाशी गाठ पडली, त्यानं ही चावली. हे बघ दात! आता सांग, डेल्बर्टच्या त्या गुळगुळीत बाहुलीला अस्वल चावलंय का?"

"नाही."

"मग यंदा भांडी कोण घासणार?"

"डेल्बर्टकाका?"

"तो शेवटचा येणार नाही गं. पण मीही नाही येणार!"

ही गोष्ट त्यानं पोस्टमनला सांगितली. दूधवाल्याला सांगितली. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना पुढच्या बाकाला सांगितली. सांगायला माणूस उरला नाही तेव्हा गाईंना सांगितली, आणि अस्वलाची डरकाळी दर वेळी स्वतः काढली. परिणाम व्हायचा तोच झाला. सभेच्या चार दिवस आधी त्याचा आवाज बसला. तोंड उघडलं की वाऱ्यावरच्या फाटकासारखी नुसती कुईं. डॉक्टरनं बजावलं, आठ दिवस एक शब्द नाही.

हालवरनं पाटी घेतली आणि लिहिलं: तू सांग.

सिग्नेला गगन ठेंगणं झालं. फळ्यापाशी उभं राहायला मिळणार! ती तयारीला लागली. कार्डावर चऱ्यांचा ठसा काढायचा असं तिनं ठरवलं. हे तिला आजोबांनीच शिकवलं होतं: दोन रायफलींवरच्या खुणा ताडून बघायच्या तर डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. वर कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी घासायची, आणि कागद शेजारी शेजारी मांडायचे.

तिनं ठसा काढला. चार बारीक, समांतर रेघा, आणि सगळ्या मिळून तिच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या रुंद.

इथे माझ्या छोट्या वाचकांनी जरा थांबावं आणि अस्वलाचा जबडा डोळ्यांपुढे आणावा. नखाएवढा आहे का?

सिग्नेलाही तोच प्रश्न पडला. या रेघा आपण कुठेतरी पाहिल्यात, असंही वाटलं. ती उठली आणि लाकडं फोडायच्या ओट्याकडे गेली. तिथल्या कुऱ्हाडीचा दांडा उन्हाळ्यात कोणीतरी कुरतडला होता. तिनं त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. दोन्ही कागद शेजारी मांडले. रेघ न रेघ सारखी. आणि कुऱ्हाड कोणी कुरतडली हे तिला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याला तिनं स्वतः झाडूनं हाकललं होतं. साळिंदर! साळिंदराला मिठाचं भारी वेड. घामेजल्या हातांनी धरलेलं लाकूड त्याला खाऱ्या बिस्किटासारखं लागतं.

म्हणजे अस्वलबिस्वल काही नव्हतं. पणजोबा रायफल बाहेर विसरले होते आणि सकाळी सहा वर्षांच्या पोरापुढे थाप मारली होती.

आता आली का पंचाईत? अस्वल म्हणावं तर शेवटी बाईंच्या डोळ्यांत बघून "खरं तेच सांगितलं" म्हणायचं. साळिंदर म्हणावं तर आजोबा बाराव्या वर्षी भांडी घासणार, आणि तेही नातीमुळे. शनिवारी सकाळी तिनं धीर केला.

"आजोबा, ते अस्वल आहे ना..."

हालवरचा चेहरा खुलला. त्यानं दोन्ही हात वर केले, बोटं वाकवली, दात विचकले आणि स्वयंपाकघरात झुलत झुलत एक फेरी मारली. मग पाटीवर लिहिलं: तू सांगत असताना मी मागे हे करणार.

सिग्नेनं दोन्ही ठसे घडी करून खिशात खोल सारले.

शाळेत शेगडी पेटली होती, वर बीन्स रटरटत होते. हकीकत सांगायला पहिला डेल्बर्ट उभा राहिला. म्हणजे अर्धा उभा राहिला, कारण बाक सुटेना.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "एक ओरखडा नाही. खरं तेच सांगितलं, बाई." आणि बसला. दर वर्षी तो एवढंच बोलायचा आणि दर वर्षी जिंकायचा. मग त्यानं रायफलीला गालाशी धरून एक पापा घेतला, गाऊनवर अलगद निजवली आणि शेगडीची काजळी लागू नये म्हणून बाहेर ओसरीवरच्या बाकड्यावर ठेवून आला.

बाकीच्यांचं झालं. बाईंनी पट्टी आपटली. "हालवर!"

हालवरनं घशाकडे बोट दाखवलं आणि सिग्नेला पुढे ढकललं. तिनं रायफल उघडली, सगळ्यांना आतून दाखवली. "रिकामी," सगळे म्हणाले. ती बोलू लागली. पणजोबा कसे नॉर्वेहून आले, ही रायफल कशी घेतली, बारा हिवाळे ती कशी त्यांच्या खांद्यावर होती. मागे हालवर रानात दबकत चालत होता.

"आणि मग एका रात्री," सिग्ने म्हणाली, "रानचेरीच्या झुडपांतून..."

हालवरनं हात वर केले. बोटं वाकवली. जबडा उघडला.

"झुडपांतून..." तिनं मागे वळून आजोबांकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग डोळे गच्च मिटून घेतले. "साळिंदर आलं."

हालवर हात वर करून तसाच राहिला. अस्वलाचं साळिंदर कसं करायचं हे त्याला सुचेना.

पहिल्यांदा हसला डेल्बर्ट. "साळिंदर! अरे हालव्या, दोन महिने गावाला डरकाळ्या ऐकवल्यास, आणि निघालं काय, साळिंदर!" हसता हसता तो बाकासकट आडवा झाला.

"शांत!" बाई म्हणाल्या. "सिग्ने, कशावरून?"

तिनं खिशातून ठसे काढले आणि फळ्यावर शेजारी शेजारी लावले. "ही कुऱ्हाड, ही रायफल. जिथे जिथे घाम लागतो तिथेच चावे आहेत, बाई. इथे पणजोबांचा हात असायचा. इथे गाल. खरं तेच सांगितलं."

हालवर हळूहळू हात खाली घेत पुढे आला. त्यानं ठसे पाहिले. एकदा, दोनदा. मग बाह्या सरसावून भांड्यांच्या टबाकडे निघाला. सिग्नेला वाटलं, त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं होतं. पण ओरडायला आवाज कुठे होता?

"घास, घास," डेल्बर्ट उठत म्हणाला. "तोवर मी माझ्या राणीला घेऊन येतो. खुंटी वाट बघतेय."

तो बाहेर गेला, आणि ओसरीवरून अशी किंकाळी आली की बीन्सचं झाकण उडालं.

सगळे धावले. दोघे बाकासकट धावले. ओसरीवर, फ्लॅनेलच्या गाऊनवर, एक गलेलठ्ठ साळिंदर ऐसपैस बसलं होतं. दोन्ही पुढच्या पंजांत रायफलीचा दस्ता धरून मक्याच्या कणसासारखा खात होतं. करर्र, करर्र. माणसं पाहून त्यानं एकदा वर बघितलं आणि पुढचा घास घेतला.

"गोळी घाला!" डेल्बर्ट ओरडला.

सहा रायफली एकदम खांद्याला लागल्या. मग हळूहळू खाली आल्या. काडतुसं घरी होती. सहा रायफली, सातवी साळिंदराच्या हातात, आणि शस्त्र म्हणावं अशी एक फूटपट्टी!

"कोणी जवळ जाऊ नका, ते काटे फेकतं!" मागून कोणीतरी म्हणालं.

"गधड्या, फेकत नाही, टोचतात ते," बाई म्हणाल्या. "तिसरीत शिकवलं होतं मी."

सिग्ने मात्र पुढे झाली. "डेल्बर्टकाका, शेंगदाणे द्या." तिनं मूठभर खारे शेंगदाणे ओसरीच्या पायऱ्यांवर एकेक करून ठेवले, पार कुंपणापर्यंत. साळिंदरानं नाक हलवलं. रायफल सोडली. आणि पाहुण्यानं जेवण आटोपून निघावं तसं पायरी पायरीनं, दाणा दाणा खात, झुडपांत निघून गेलं.

डेल्बर्ट पायरीवर मटकन बसला. दस्त्यावर, बरोब्बर गाल टेकायच्या जागी, चार ताजे चरे होते. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, आणि एकेका चऱ्यावरून बोट फिरवू लागला.

साबणाचे हात पुसत हालवर गर्दीतून पुढे आला. मित्राशेजारी बसला, वडिलांची रायफल त्यानं डेल्बर्टच्या रायफलीला लावून धरली. रेघ न रेघ सारखी. मग हालवरच्या घशातून कुईं असा आवाज आला. पुन्हा आला. सिग्ने घाबरली, पण तो हसत होता. "बाबा लेकाचे बाहेरच विसरले होते," तो कसाबसा म्हणाला. "अस्वल म्हणे!" त्यानं सिग्नेला जवळ ओढलं आणि साबणाचा ओला हात तिच्या डोक्यावरून फिरवला.

बाईंनी निकाल दिला: चावलेल्या दोन्ही रायफली त्याच दोन खुंट्यांवर शेजारी शेजारी टांगायच्या, आणि भांडी दोघांनी मिळून घासायची.

"पण कार्ड?" डेल्बर्टनं हळूच विचारलं. "सिग्ने, बाळा... अस्वल नाही का गं लिहिता येणार?"

सगळे तिच्याकडे बघू लागले. सिग्नेनं कोरं कार्ड घेतलं, गुडघ्यावर ठेवलं आणि लिहिलं: आज दुपारी पावणेपाच वाजता साळिंदरानं चावली. पाहणारे, आठ जण. मग तिनं डेल्बर्टच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि पेन्सिल पुन्हा उचलली.

"केवढं होतं म्हणून लिहू, काका?"

डेल्बर्टनं दोन्ही हात फाकता येतील तेवढे फाकले. हालवरनं ते आणखी थोडे ओढले. सिग्नेनं उठून दोन्ही हात धरले, वीतभर जवळ आणले, जरा विचार केला, अर्धी वीत परत सोडले, आणि लिहायला बसली.